परदेशची आठ दिवसांची सफर आणि सिमकार्डाची निवड

आमच्या नांदेड-लातूरकडील घरांत परदेशगमनाचा विषय निघाला कीं, पूर्वीं वडील मंडळी गंभीर होत असत. मुलगा अमेरिकेस निघाला म्हणजे आतां दोन-तीन वर्षें तोंड दिसावयाचें नाहीं, असाच त्याचा अर्थ असे. आतां तसें राहिलें नाहीं. दिवाळी संपतांच शेजारचें जोडपें आठ दिवस सिंगापूरला जाऊन येतें. भगिनीमंडळाच्या बायका मुक्तिनाथाचें दर्शन घेऊन नेपाळांतून परततात. आजोबा-आजी नातवाच्या मुंजीचें बोलणें करण्यासाठीं म्हणून दुबईस जातात. जाण्यापूर्वीं धपाटे किती घ्यावेत, शेंगदाण्याची चटणी हातांतल्या पिशवींत ठेवावी कीं मोठ्या, यावर घरांत आठ दिवस खल होतो. मोबाइलच्या कार्डाची आठवण मात्र देवगिरी किंवा लातूर एक्सप्रेसमध्यें बसून मुंबईची वाट धरल्यावर होते. मग विमानतळावर, पाय दुखत असतांना, पहिल्या दुकानदारानें जें पुढें केलें तें घेतलें जातें. या निवडींत पैशांपेक्षां मोठी गोष्ट गुंतलेली आहे, असें आमचें मत असल्यामुळें हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

सरहद्द ओलांडली कीं आपलें नाणें चालत नाहीं, हा अनुभव मराठवाड्यास नवा नव्हे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. संस्थानचा हाली रुपया निराळा आणि इंग्रजी मुलखांतला कलदार निराळा. सात हाली मोजावेत तेव्हां सहा कलदार हातीं यावेत, असा सामान्य भाव असे. टपालाचीं तिकिटेंहि संस्थानचीं स्वतंत्र, आणि तीं संस्थानाबाहेर चालत नसत. बार्शी लाइट रेल्वेनें लातूरहून बार्शीस उतरलेल्या माणसाला तेथल्या तेथें परमुलूख लागे. वडिलांच्या पिढीनें हा बट्टा निमूटपणें सोसला. आज ज्याला रोमिंग म्हणतात तें त्या बट्ट्याचेंच नवें रूप होय. आपल्या कंपनीचें कार्ड परक्या देशांत चालतें, पण तेथल्या कंपनीचें जाळें उसनें घेऊन. आणि त्या उसनवारीचा आकार आपल्या माथीं बसतो.

कार्ड म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. फोन हें नुसतें यंत्र आहे. तो कोणाचा आणि पैसे कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, हें कंपनीस त्या इवल्याशा चकतीवरून कळतें. म्युनिक येथील गीझेके आणि डेव्ह्रिएंट या कंपनीनें १९९१ सालीं फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीसाठीं पहिलीं कार्डें तयार केलीं. प्रथम तें बँकेच्या कार्डाएवढें होतें. झिजत झिजत आज तें १२.३ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद उरलें आहे. अलीकडे तेंहि नाहींसें होऊन ई-सिम आलें. यांत चकती घालावयाची नसते. फोनमध्येंच बसविलेल्या एका घटकावर कंपनी आपली नोंद पाठविते. संस्कृत व्याकरणांत स्थानीच्या जागीं आलेला आदेश स्थानीसारखाच वागतो, तसेंच हें आहे. प्रीपेड म्हणजे आगाऊ दाम दिलेलें. अल्पकाळाच्या प्रवाशास तेंच योग्य, कारण परत आल्यावर मागून बिल येण्याचें भय त्यांत नाहीं.

प्रवाशापुढें मार्ग तीन. आपल्याच भारतीय नंबरावर परदेशचें पॅक घ्यावें. त्या देशांत उतरून तेथलें कार्ड घ्यावें. अथवा घरूनच त्या देशाचें ई-सिम विकत घ्यावें. तीन-चार दिवसांची सफर असेल तर पहिला मार्ग सर्वांत कमी त्रासाचा. आठ-दहा दिवस वा अधिक राहावयाचें असेल आणि रोज नकाशे, फोटो, घरच्यांचीं तोंडें पाहणें हें सर्व चालावयाचें असेल, तर दुसरा वा तिसरा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. येथवरचा हिशोब घरांतला कॉलेजांतला मुलगाहि करून देईल.

परंतु तो मुलगा एक गोष्ट विसरतो. आजच्या काळीं आपला भारतीय नंबर हा बोलण्यापुरता राहिलेला नाहीं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. पेन्शनचें खातें, आधार, विमा, सर्व त्याला बांधलेलें असतें. यूपीआयचें ॲप तर फोन आणि त्यांतील कार्ड यांची गांठ घालूनच चालतें. कार्ड काढलें कीं तें पुन्हां ओळख मागूं लागतें, आणि ती ओळख त्याच नंबरावरून संदेश पाठवून द्यावी लागते. म्हणून स्वस्त परदेशी कार्ड घालण्यासाठीं भारतीय कार्ड काढून ठेवणें, हा सल्ला आम्हांस मुळींच पटत नाहीं.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त दांपत्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोघेहि सत्तरीच्या घरांतले, एका यात्रा कंपनीबरोबर पूर्वेकडील देशांत गेले होते. उतरतांच तेथलें कार्ड घेतलें, आणि भारतीय कार्ड कागदांत गुंडाळून मोठ्या बॅगेंत टाकलें. चौथ्या दिवशीं रस्त्यांतच गृहस्थांच्या छातींत दुखूं लागलें. रुग्णालयानें अनामत मागितली. खिशांत बँकेचें कार्ड होतें, खात्यांत पैसे होते. परंतु रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें २०२० पासून नव्या कार्डांचा परदेशांतील वापर बंदच असतो, तो आपण होऊन उघडावा लागतो. तो उघडावयाचा तर ओटीपी हवा. ओटीपी ज्यावर यावयाचा तें कार्ड हॉटेलांतल्या बॅगेंत, कागदाच्या पुडींत! बरोबरच्या एका सज्जनानें पैसे भरले म्हणून निभावलें, आणि दुखणेंहि सुदैवानें पित्ताचें निघालें. पण त्या दोन तासांत त्या बाईंची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना ज्यानें त्यानें करावी.

म्हणून आमची शिफारस अशी. आजकाल पुष्कळ फोनमध्यें दोन कार्डांची सोय असते. पहिल्या जागीं भारतीय कार्ड तसेंच चालूं ठेवावें, मात्र त्याचें डेटा रोमिंग बंद करावें. दुसऱ्या जागीं परदेशी कार्ड वा ई-सिम घालून इंटरनेट त्यावरून घ्यावें. निघण्यापूर्वीं भारतीय नंबरावर परदेशची रोमिंग सेवा सुरू करून घ्यावी, आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान पंधरा दिवस उरेल असें पाहावें. ओटीपीसारखे येणारे संदेश बहुतेक कंपन्यांच्या रोमिंगमध्यें विनामूल्य असतात, तरी आपल्या कंपनीचें काय, तें विचारून घ्यावें. येणारा फोन उचलला तर मात्र आकार पडतो. तेव्हां विमा विकणाऱ्यांचे फोन तरी उचलूं नयेत. बँकेच्या कार्डाचा परदेशांतील वापर घरीं असतांनाच उघडून, त्यास मर्यादा घालून ठेवावी. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालतें. नवें कार्ड घातल्यावर नंबर बदलूं का, असें तें विचारील. त्यास नाहीं म्हणावें.

दुसरी गोष्ट गृहिणींनीं विशेष लक्षांत घ्यावी. काटकसर म्हणून पुष्कळ जोडपीं एकच कार्ड घेतात. तें नवऱ्याच्या फोनमध्यें, आणि पत्नीनें त्याच्या हॉटस्पॉटवर भागवावयाचें. जोंवर दोघें दहा पावलांच्या आंत आहेत तोंवर हें ठीक. परंतु बाजारांत, रेल्वेस्टेशनांत, स्वच्छतागृहाच्या रांगेंत चुकामूक झाली कीं, ज्या व्यक्तीस भाषा येत नाहीं, रस्ता ठाऊक नाहीं, तिचाच फोन मुका होतो. हीं वाचविलेलीं चार-पांचशें रुपये आम्हांस फार महाग वाटतात. दोघांच्या फोनमध्यें स्वतंत्र कार्ड असावें, आणि शक्य तर दोन निराळ्या कंपन्यांचें, म्हणजे एकीची रेंज गेली तर दुसरीची मिळेल. चाळीस वर्षें संसार सांभाळलेल्या बाईला परक्या गांवीं नवऱ्याच्या फोनच्या परिघांत फिरावयास लावणें बरें नव्हे.

देशोदेशींचे प्रकार निरनिराळे आहेत. नेपाळांत एनसेल ही खासगी आणि नेपाळ टेलिकॉम ही सरकारी, अशा दोन प्रमुख कंपन्या. काठमांडूपुरतें कोणतेंहि चालेल. मुक्तिनाथ ३,७०० मीटरांहून उंच असल्यामुळें तिकडे जाणारांनीं डोंगरांत कोणाची रेंज पोंचते, तें काठमांडूसच विचारून घ्यावें. पशुपतिनाथास जातांना पुष्कळ लोक नेपाळ म्हणजे आपलाच देश समजून भारतीय कार्डाचें रोमिंग चालूं ठेवतात. सीमा मोकळी असली तरी मोबाइलच्या हिशोबीं तो परदेशच आहे.

दुबईचा प्रकार सर्वांत चमत्कारिक. तेथें एतिसालात व डू अशा दोन कंपन्या आहेत, आणि दोहोंच्या जाळ्यावर व्हॉट्सॲपनें लिहिणें चालतें, पण बोलणें व तोंड पाहणें अडविलेलें असतें. म्हणून केवळ इंटरनेट देणारें स्वस्त कार्ड घेऊन गेलेल्या आजोबांना घरच्यांशीं बोलतां येईना, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. दुबईकरितां भारतास साधा फोन करण्याचीं मिनिटें असलेलें कार्ड अथवा पॅक घ्यावें.

युरोपीय संघाच्या देशांत १५ जून २०१७ पासून एका देशाचें कार्ड दुसऱ्या देशांत जादा आकारावांचून चालतें. पॅरिसला घेतलेलें कार्ड रोमला चालेल. पण आपल्या लोकांचें आवडतें स्वित्झर्लंड त्या संघांत नाहीं, आणि इंग्लंडहि आतां नाहीं. बर्फाच्या डोंगरावर चढून घरीं चित्र पाठवावें म्हटलें तर नेमकें तेथेंच कार्ड थबकतें. तेव्हां कार्डावर स्वित्झर्लंडचें नांव आहे कीं नाहीं, तें घेण्यापूर्वीं पाहावें. पांच वर्षें बंद असलेली कैलास-मानसरोवराची यात्रा २०२५ मध्यें पुन्हां सुरू झाली. त्या वाटेनें तिबेटांत जाणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, चिनी कार्डावर व्हॉट्सॲप चालत नाहीं. बाहेरच्या देशाचें रोमिंग असेल तर बहुधा चालतें, कारण त्याचें इंटरनेट मूळ कंपनीच्या मार्गानें फिरतें.

ई-सिम घेणारांनीं आपला फोन त्यास योग्य आहे का, हें आधीं तपासावें. तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश असें फोनवर दाबलें असतां आंकड्यांची यादी दिसते. तींत ईआयडी असा क्रमांक असेल तर ई-सिम चालण्यासारखें आहे. तें घरच्या वायफायवर निघण्यापूर्वींच बसवून घ्यावें, आणि चुकूनहि पुसूं नये; एकदां पुसलेलें बहुधा पुन्हां बसत नाहीं. अमेरिकेंतून मुलानें प्रेमानें पाठविलेला फोन असेल तर आणखी एक अडचण संभवते. तिकडील पुष्कळ फोन एकाच कंपनीस कुलूपबंद असतात व दुसऱ्या कोणाचेंहि कार्ड स्वीकारीत नाहींत. आपलें भारतीय कार्ड त्यांत चालत असेल तर काळजी नाहीं.

कार्ड घेतांना पासपोर्ट दाखवावा लागतो, त्यांत वावगें कांहीं नाहीं. नांदेडास सचखंड हुजूर साहिबाच्या दर्शनास इंग्लंड-कॅनडांतून येणाऱ्या शीख यात्रेकरूंनाहि आपल्याकडे तेंच करावें लागतें. मात्र नोंदणी झाल्यावर पासपोर्ट दुकानदाराकडे क्षणभरहि ठेवूं नये, आणि कार्ड चालूं झालेलें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून दुकान सोडूं नये. पॅकची मुदत कोणत्या क्षणापासून धरतात, घेतल्यापासून कीं प्रथम वापरल्यापासून, हेंहि तेथेंच विचारावें.

विमानांत बसतांच फोन विमानाच्या अवस्थेंत, म्हणजे फ्लाइट मोडवर टाकावा. कांहीं विमानांत व मोठ्या जहाजांत स्वतंत्र जाळें असतें आणि त्याचा दर साध्या पॅकमध्यें धरलेला नसतो. फोनांतील सर्व नंबर अधिक चिन्ह व ९१ लावून साठवावेत, नाहीं तर परदेशांतून ते लागत नाहींत. घरीं लँडलाइन असेल तर लातूरच्या ०२३८२ मधील आणि नांदेडच्या ०२४६२ मधील आरंभींचें शून्य गाळून त्यापूर्वीं ९१ घालावें. हे नंबर एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो पासपोर्टाबरोबर ठेवावा. फोनची बॅटरी संपली तर कागदाची संपत नाहीं.

परत आल्यावर परदेशी कार्ड पुढच्या खेपेसाठीं कपाटांत जपून ठेवण्याची आपल्याकडे हौस आहे. प्रवाशांच्या कार्डांची मुदत बहुधा कांहीं दिवसांची वा आठवड्यांची असते. मग तो नंबर बंद होतो, आणि पुढें दुसऱ्या कोणास दिला जाऊं शकतो. त्या नंबरावर हॉटेलचें वा ॲपचें एखादें खातें उघडलेलें असेल तर परतीच्या विमानांत बसण्यापूर्वींच तेथें आपला भारतीय नंबर घालावा.