उपक्रम नवा, डोमेन जुनंच

शताब्दी वर्ष असो, व्याख्यानमाला असो की दिवाळी अंक, संस्थेत नवा उपक्रम ठरला की समितीची पहिली मागणी असते, "मॅडम, यासाठी एक नवीन वेबसाइट घेऊन टाका." सातारा-सांगली भागातल्या काही वाचनालयांच्या आणि शाळांच्या वेबसाइट मी सांभाळते. माझं उत्तर ठरलेलं असतं: नवीन डोमेन विकत घेऊ नका, आहे त्याचंच सबडोमेन काढा.

डोमेनचे पैसे दर वर्षी भरावे लागतात. कार्यक्रम उरकतो, समिती विसर्जित होते, ज्या कार्यकर्त्याच्या ईमेलवर नोंदणी केलेली असते तो नोकरीसाठी पुण्याला जातो आणि मुदत संपल्याची सूचना संस्थेपर्यंत पोचतच नाही. मुदत टळलेलं नाव मग कोणीही विकत घेऊ शकतं. माझ्या माहितीतल्या एका संस्थेच्या शताब्दीच्या पत्त्यावर आज ऑनलाइन रमीची जाहिरात उघडते, आणि तो पत्ता स्मरणिकेच्या मलपृष्ठावर छापलेला आहे. घरोघरी गेलेल्या स्मरणिका आता परत कशा मागवणार?

सबडोमेन म्हणजे मूळ नावाच्या आधी टिंब देऊन जोडलेलं आणखी एक नाव. मराठी विकिपीडियाचा पत्ता पाहा: 'एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी'. इंग्रजीसाठी 'ईएन', हिंदीसाठी 'एचआय'. डोमेन मात्र एकच. सातबारा नुसता पाहायचा तर 'भूलेख', डिजिटल सहीचा हवा तर 'डिजिटलसातबारा', आणि दोन्ही 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन'खालीच. सवयीने टाइप होणारं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सुद्धा सबडोमेनच आहे.

सबडोमेन फुकट का मिळतं, त्याचं कारण 1983 सालात आहे. तोवर अमेरिकेत आर्पानेट या जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एकाच फाइलीत ठेवली जात, आणि नवीन नाव नोंदवायचं तर तिथे कळवावं लागे. पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था आखली आणि तो अधिकार वाटून टाकला. डोमेन ज्याचं, त्याखालची नावं ठरवण्याचा हक्कही त्याचाच. गावातल्या छोट्या वाचनालयालाही हा हक्क मोठ्या कंपनीइतकाच मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रत्यक्ष काम थोडंच आहे. होस्टिंगला सीपॅनल असेल तर 'डोमेन्स'मध्ये जाऊन पूर्ण नाव लिहायचं आणि त्यासाठी स्वतंत्र फोल्डर द्यायचा. मुख्य साइटचाच फोल्डर वापरण्याची खूण तिथे असते, ती काढायला विसरू नका. नाहीतर नव्या पत्त्यावर जुनीच साइट दिसेल. डोमेनच्या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हर होस्टिंगवाल्याचे असतील तर डीएनएसची नोंद आपोआप होते. ते दुसरीकडे असतील तर तिथे जाऊन सर्व्हरच्या आयपी पत्त्याची 'ए' नोंद स्वतः करावी लागते. पानं बाहेरच्या एखाद्या सेवेवर ठेवली असतील तर 'सीनेम' नोंद, म्हणजे हे नाव त्या सेवेच्या नावाकडे वळवायचं. शेवटी एसएसएल प्रमाणपत्र लागलंय ना, ते तपासा. 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र मोफत मिळतं, आणि ते नसेल तर ब्राउझर वाचकाला पत्ता असुरक्षित असल्याचा इशारा देतो.

पण दोन-चार पानांच्या माहितीसाठी सबडोमेन काढू नका, मुख्य साइटवरच एक विभाग करा. पुस्तकांच्या सूचीचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, वर्गणी भरण्याची सोय वेगळी आहे, तिथे सबडोमेन शोभतं. एकाच होस्टिंग खात्यात दोन वर्डप्रेस ठेवलीत तर दोन्ही अद्ययावत ठेवा, कारण दुर्लक्षित साइटमधून शिरलेला माणूस शेजारच्या फायलींपर्यंतही पोचू शकतो.

नावं ठरवण्याचा हा हक्क भामट्यालाही असतोच. स्वतःच्या डोमेनआधी तो तुमच्या बँकेचं नाव जोडू शकतो. म्हणून सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पत्त्यातली पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत जा; खरा मालक तिथे कळतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं, त्यामागेही ही फसवणूक रोखण्याचाच हेतू होता. या शेवटाची नावं फक्त बँकांनाच मिळतात.

उपक्रम संपल्यावरचं एक काम मात्र बहुतेक संस्थांत राहूनच जातं. बाहेरच्या सेवेवरचं खातं बंद होतं, पण आपल्याकडची सीनेम नोंद तशीच राहते. काही सेवांवर ती मोकळी झालेली जागा दुसरा कोणी स्वतःच्या नावावर घेऊ शकतो, आणि मग तुमच्या संस्थेच्या नावाखाली त्याची पानं दिसू लागतात. तुमच्या संस्थेची वेबसाइट असेल तर या आठवड्यात ती सांभाळणाऱ्याला डीएनएसच्या नोंदी उघडायला सांगा, प्रत्येक नोंद कशासाठी आहे ते विचारा, आणि जिचं कारण कोणालाच सांगता येत नाही तिची नीट खातरजमा करून ती काढून टाका.