हलालची पाटी दिसली, पण शिक्का कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय आहे परदेशात जेवताना 'हलाल' ही पाटी कशी वाचायची. शिकायला जाणारे, ऑफिसच्या कामाला जाणारे, ग्रुपने फिरायला जाणारे, सगळ्यांसाठीच. कारण ग्रुपमधला एक जण हलालच खात असेल, तर हॉटेल निवडायची जबाबदारी सगळ्यांची असते ना!

आपल्याला भारतात एक सवय लागलेली असते. पाकिटावर हिरवी खूण दिसली की शाकाहारी, विषय संपला. खूण सगळीकडे सारखी आणि नियम सरकारचा. हलालचं तसं नाही. जगभर चालणारा एकच शिक्का नाहीच. देश बदलला की शिक्का देणारी संस्था बदलते. त्यामुळे पाटी दिसली की दोन प्रश्न विचारायचे: शिक्का कुणी दिलाय, आणि कशाला दिलाय?

'नो पोर्क' म्हणजे हलाल नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हलालमध्ये डुकराचं मांस नसणं ही फक्त एक अट झाली. चिकन-मटण असेल तर प्राणी जबह केलेला, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन ठरलेल्या पद्धतीने कापलेला हवा. दारू नको. आणि तेल, तवा, सुरी यांना हराम पदार्थ लागलेला नको. म्हणजे 'नो पोर्क'वाल्या हॉटेलात चिकन कुठून आलं, सॉसमध्ये वाइन आहे का, हे प्रश्न उरतातच.

सिंगापूर: एकच अधिकृत संस्था

इथे काम सोपं आहे. हलाल प्रमाणपत्र 'मुइस' ही सरकारी कायद्याखालची संस्था देते, तेही 1978 पासून. खोटा हलाल शिक्का लावला तर 10,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा 12 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून भिंतीवर मुइसचं प्रमाणपत्र दिसलं की त्याला वजन आहे.

फक्त तीन गोष्टी बघा: दुकानाचं नाव, पत्ता आणि मुदत. प्रमाणपत्र त्या त्या शाखेला मिळतं. एका शाखेकडे आहे म्हणून दुसरीकडे असेलच असं नाही. तिथल्या फूड स्टॉलवर 'नो पोर्क, नो लार्ड' अशा पाट्याही भरपूर दिसतील. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. ही पाटी दुकानदाराने स्वतः लावलेली असते, ते हलाल प्रमाणपत्र नाही. उलट, मुस्लिम मालकाच्या एखाद्या दुकानाकडे प्रमाणपत्र नसेल, कारण ते घेणं सक्तीचं नाही. तिथे मालकाला सरळ विचारायचं.

जपान: शिक्के अनेक, अडचण सॉसची

जपानमध्ये सरकारचा असा एक हलाल शिक्का नाही. वेगवेगळ्या खासगी संस्था प्रमाणपत्र देतात. मग विश्वास कुणावर ठेवायचा? एक चांगला मार्ग आहे. मलेशियाची सरकारी संस्था 'जाकिम' परदेशातल्या मान्यताप्राप्त हलाल संस्थांची यादी ठेवते. हॉटेलच्या प्रमाणपत्रावरचं नाव त्या यादीत आहे का, ते फोनवर शोधून बघा.

'मुस्लिम फ्रेंडली' या पाटीचा मात्र ठरलेला अर्थ नाही. कुठे मांस हलाल असतं पण दारूही विकतात, कुठे फक्त डुकराचं मांस नसतं. नेमकं काय ते विचारूनच बसायचं.

खरी गंमत पुढे आहे. डिश साधी दिसते, पण टोन्कोत्सु रामेनचं सूप डुकराच्या हाडांचं असतं. भातावर बीफ घालून देतात त्या ग्युदोनच्या रश्शात साके किंवा मिरिन, म्हणजे तांदळाची दारू, असू शकते. सोया सॉस टिकावा म्हणूनही अल्कोहोल घालतात, लेबलवर ते 'शुसेई' म्हणून येतं. पाकिटावर फोनचा कॅमेरा ट्रान्सलेटवर धरा आणि हे शब्द शोधा: बुता म्हणजे डुक्कर, रादो म्हणजे लार्ड, झेराचिन म्हणजे जिलेटिन.

ॲलर्जीच्या यादीतही पोर्क आणि जिलेटिन लिहिलेलं सापडतं. पण जपानमध्ये हे दोन्ही लिहिणं ऐच्छिक आहे. म्हणून 'यादीत नाही म्हणजे पदार्थात नाही' असं धरून चालू नका.

हॉटेलात 'हलाल?' असं विचारलं तर बऱ्याचदा समोरच्याला शब्दच कळत नाही. त्यापेक्षा विचारा, "बुतानिकु हाइत्ते इमासु का?" म्हणजे यात डुकराचं मांस आहे का? काहीच जमलं नाही तर 'शिओयाकी' मागवा. नुसतं मीठ लावून भाजलेला मासा. माशाला जबह लागत नाही आणि सॉसचाही प्रश्न येत नाही. मासळीवर वाढलेल्या आपल्या कोकणातल्या मंडळींना तर आवडेलच.

ब्रिटन: दोन शिक्के, दोन मतं

इथे 'एचएमसी' आणि 'एचएफए' या दोन संस्थांची नावं हमखास दिसतील. फरक मुख्यतः एका मुद्द्यावर आहे. कापण्याआधी प्राण्याला विजेच्या झटक्याने बेशुद्ध केलेलं चालतं का? एचएमसी म्हणते, नाही. एचएफए म्हणते, त्याने प्राणी मरत नसेल तर चालेल. दोन्ही शिक्के हलालचेच. तुमच्या घरी काय मानतात, ते निघण्याआधी घरच्यांशी बोलून ठरवा. ऐन भुकेच्या वेळी हा वाद नको.

हलाल न खाणाऱ्यांसाठीही

हलाल म्हणजे शाकाहारी नाही, आणि 'बीफ नाही' असंही नाही. बीफ न खाणाऱ्यांनी हलाल हॉटेलातही विचारायलाच हवं. हलाल जिलेटिन गाईचं असू शकतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी जेली आणि मार्शमॅलोचं लेबल वाचा.

आणि विचारायला लाजू नका. "प्रमाणपत्र बघू का?" या प्रश्नात अपमान काहीच नाही. ज्याच्याकडे ते असतं, तो सहसा आनंदाने दाखवतो. आणि सोबतचा मित्र विचारत असेल, तर घाई न करता पाच मिनिटं थांबा. त्याला नुसत्या फ्राईजवर दिवस काढावा लागला नाही, तर ट्रिप सगळ्यांचीच छान होते.

भेटूया पुढच्या भागात. तोवर खात राहा, पण लेबल वाचून!