ओझिलला बाहेर बसवणारा आर्टेटा : तेव्हा आपण घाई केली का?

डिसेंबर २०२० मध्ये आर्सेनलची मॅच बघणं म्हणजे शिक्षा झाली होती. १४ सामने, १४ गुण आणि तक्त्यात १५वा क्रमांक. आधीच्या सात लीग सामन्यांत एकही विजय नाही. पाच हरलेले, दोन बरोबरीत आणि सातही मिळून गोल फक्त तीन. मिकेल आर्टेटा नावाच्या ३८ वर्षांच्या कोचला काढा, असं लंडनमध्ये जितके लोक म्हणत होते तितकेच आपल्याकडच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही म्हणत होते. आम्हीही त्यात होतो, हे आधीच कबूल करतो.

ज्या अब्बा-अम्मींना फुटबॉलमध्ये रस नाही, पण पोरगा रात्री एवढ्या उशिरापर्यंत टीव्हीसमोर काय करतो हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी दोन ओळी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक. वरच्या काही संघांना युरोपातल्या स्पर्धा मिळतात, तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. आर्सेनलसारख्या क्लबने १५व्या क्रमांकावर असणं म्हणजे नेहमी पहिला-दुसरा येणाऱ्या पोराने पास होण्यापुरते मार्क आणणं.

आता हा आर्टेटा कोण? स्पेनचा माणूस, सान सेबास्तियानचा. २०११ ते २०१६ आर्सेनलमध्येच खेळला, कर्णधारही होता. खेळणं सोडल्यावर मँचेस्टर सिटीत पेप गार्डिओलाचा सहाय्यक झाला. २० डिसेंबर २०१९ ला आर्सेनलने त्याला बोलावलं तेव्हा वय ३७ आणि मुख्य कोच म्हणून अनुभव शून्य. आर्सेन वेंगर २२ वर्षं राहून २०१८ मध्ये गेले होते, त्यांच्यानंतर आलेले उनाई एमेरी जेमतेम दीड वर्ष टिकले होते. त्या खुर्चीवर हा नवखा बसला. तीन महिन्यांत त्यालाच कोरोना झाला आणि दुसऱ्या दिवशी अख्खी लीग थांबली. ऑगस्ट २०२० मध्ये रिकाम्या वेम्बली स्टेडियममध्ये चेल्सीला २-१ हरवून त्याने एफए कप जिंकून दिला. सप्टेंबरमध्ये क्लबने त्याचं पद 'हेड कोच'वरून 'मॅनेजर' केलं. हा फक्त पाटी बदलण्याचा मामला नाही. हेड कोच हातात असलेला संघ खेळवतो, मॅनेजरला खेळाडू घेणं-सोडणं यातही बोलायचा हक्क असतो. म्हणजे डिसेंबरमध्ये संघ कोसळला तेव्हा 'खेळाडू माझ्या पसंतीचे नाहीत' म्हणायची सोयही फारशी उरली नव्हती.

पण आपल्या घरांतला राग फक्त गुणतक्त्याचा नव्हता. तो मेसुत ओझिलचा होता.

ओझिल २०१३ मध्ये रियाल माद्रिदमधून आर्सेनलला आला. २०१४ ला जर्मनीसाठी वर्ल्ड कप जिंकला, २०१६ ला उमरा केला आणि काबा शरीफसमोरचा त्याचा फोटो जगभर फिरला. मॅचआधी हात उचलून दुआ मागणारा हा खेळाडू पाहूनच कित्येक मुस्लिम पोरांनी आर्सेनल धरलं. २०१८ मध्ये वंशभेदाचा आरोप करून त्याने जर्मन संघ सोडला, तेव्हा तो आपल्याला आणखी जवळचा झाला. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आर्टेटाने त्याला आधी युरोपा लीगच्या आणि मग प्रीमियर लीगच्या यादीतूनच वगळलं. जानेवारीत तो फेनरबाचेला निघून गेला.

आपल्याकडे याचा अर्थ झटकन लागला. डिसेंबर २०१९ मध्ये ओझिलने चीनमधल्या उइगुर मुसलमानांवरच्या जुलमाबद्दल लिहिलं होतं. क्लबने लगेच हात झटकले, चीनच्या सरकारी वाहिनीने आर्सेनलची मॅच दाखवणं रद्द केलं. मग त्याला बाहेर बसवलं ते त्यासाठीच, असं आम्ही धरून चाललो.

तारखा नीट लावून बघितल्या तर गोष्ट एवढी सरळ राहत नाही. ओझिलची पोस्ट १३ डिसेंबरची, आर्टेटा आला २० डिसेंबरला. आल्यानंतर लॉकडाऊनपर्यंत त्याने ओझिलला नियमित खेळवलं. लॉकडाऊननंतर मात्र ओझिल एकदाही मैदानात दिसला नाही. मध्ये खेळाडूंच्या पगारकपातीचा वाद झाला होता आणि ओझिल तिला तयार नव्हता. (पुढे क्लबने ५५ नोकऱ्या कमी करायचं ठरवलं आणि डायनासोरचा पोशाख घालणाऱ्या माणसालाही घरी पाठवायचं ठरलं, तेव्हा त्याचा पगार मी देतो म्हणणारा ओझिलच होता. ही मजाही क्लबला झोंबली असणार.) आर्टेटा म्हणत राहिला की निर्णय फक्त फुटबॉलचा आहे.

क्लबने उइगुरांच्या प्रश्नावर जे केलं ते भित्रेपणाचं होतं, हे आमचं मत आजही तेच आहे. पण तो राग क्लबवरचा होता, आम्ही बिल कोचच्या नावावर फाडलं. त्याच आर्टेटाने इजिप्तच्या मोहम्मद एलनेनीला तुर्कस्तानातून लोनवरून परत आल्यावर संघात ठेवलं. २०२३ मध्ये एलनेनी गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीने बाहेर असताना क्लबने त्याचा करार वाढवला. एका उदाहरणाने दुसरं धुऊन निघत नाही, मान्य. पण बदगुमानी करण्याआधी हेही समोर ठेवायला हवं होतं.

ओझिल प्रकरणात चाहत्यांचा एक आक्षेप अगदी रास्त होता. सात सामन्यांत तीन गोल करणाऱ्या संघाला नेमकं काय कमी होतं? मधल्या फळीतून पुढे पास देणारा माणूस. आणि ते काम ज्याला सगळ्यात चांगलं जमायचं तो घरी बसला होता.

२६ डिसेंबर २०२० ला चेल्सी आर्सेनलच्या मैदानावर आली. काही सिनियर खेळाडू आजारपणामुळे उपलब्ध नव्हते. आर्टेटाने बुकायो साका, गॅब्रिएल मार्टिनेली आणि एमिल स्मिथ रो यांना एकत्र उतरवलं. वयं १९, १९ आणि २०. स्मिथ रो खेळला तो ओझिलच्याच जागी. आर्सेनल ३-१ जिंकलं. तिसरा गोल साकाचा होता. बॉल कोपऱ्यातून तरंगत आत गेला आणि तो क्रॉस होता की शॉट यावर अजून वाद होतात.

यात आर्टेटाची हुशारी किती आणि मजबुरी किती? आम्हाला वाटतं, मजबुरी बरीच. पण नंतर सिनियर परत आले तरी त्याने पोरांना बाकावर पाठवलं नाही, हे त्याचं.

इथे आकडे बघा. पहिल्या १४ सामन्यांत १४ गुण. उरलेल्या २४ सामन्यांत ४७. पूर्ण सीझनमध्ये आर्सेनलने ३९ गोल खाल्ले. त्यापेक्षा कमी फक्त मँचेस्टर सिटी आणि चेल्सीने खाल्ले होते. आदल्या वर्षी हाच आकडा ४८ होता. तरी शेवटचा क्रमांक आदल्या वर्षीसारखाच, आठवा, आणि २५ वर्षांत पहिल्यांदा क्लब युरोपबाहेर. तक्ता बघणाऱ्याला काहीच बदललं नव्हतं. बचाव बघणाऱ्याला बदललेलं दिसत होतं. आम्ही तक्ता बघत होतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये परत तेच. पहिले तीन सामने हरले, एकही गोल नाही, नऊ खाल्ले. पाच तर एकट्या मँचेस्टर सिटीने मारले. २० संघांत विसावा नंबर. त्या उन्हाळ्यात क्लबने सहा खेळाडू आणले होते आणि सगळे २३ किंवा त्याखालच्या वयाचे. लोक हसले. त्यातला मार्टिन ओडेगार्ड वर्षभरात कर्णधार झाला. (त्याच सीझनवर निघालेल्या माहितीपटात आर्टेटा लिव्हरपूलच्या मॅचआधी सरावाला लाऊडस्पीकरवर त्यांच्या चाहत्यांचं गाणं वाजवतो, पोरांना सवय व्हावी म्हणून. मॅच ४-० ने हरले. हा किस्सा सांगितला की आमच्याकडे आजही हशा होतो.)

ओझिलप्रकरणी आमचं मत खरं हललं ते पियर-एमेरिक ऑबामेयांगमुळे. एफए कपच्या फायनलमधले दोन्ही गोल त्याचे. कर्णधार तोच, चाहत्यांचा लाडका. मार्च २०२१ मध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्याला तो उशिरा आला म्हणून आर्टेटाने त्याला बाकावर बसवलं. डिसेंबरमध्ये परत शिस्त मोडली तर कर्णधारपद काढलं आणि फेब्रुवारीत तो बार्सिलोनाला गेला. ज्याने आपली नोकरी वाचवली त्यालाच असं वागवणं क्रूर वाटू शकतं. पण फूटपट्टी सगळ्यांना एकच आहे, एवढं तरी त्यातून कळलं.

म्हणून काय, तरुण कोच असला की थांबायचंच? नाही. २६ डिसेंबरच्या त्याच मॅचमध्ये चेल्सीच्या बाजूला फ्रँक लॅम्पार्ड उभा होता. तोही तरुण, तोही क्लबचा माजी खेळाडू, आणि आदल्या सीझनमध्ये त्याने चौथा क्रमांक मिळवला होता, आर्टेटापेक्षा चार जागा वर. महिन्याभरात, २५ जानेवारीला, चेल्सीने त्याला काढलं. थॉमस टुकेल आला आणि मे महिन्यात चेल्सी चॅम्पियन्स लीग जिंकली. आर्सेनलने सबर केला आणि आठवा आला, चेल्सीने केला नाही आणि युरोप जिंकला. त्या उन्हाळ्यात कोण शहाणं वाटत होतं, हे सांगायला नको.

फरक आम्हाला असा दिसतो. चेल्सीकडे महागडा, तयार संघ होता, त्याला फक्त चालवणारा हवा होता. आर्सेनलकडे तसं काही नव्हतं. जुने पगारदार काढायचे, पोरं घडवायची, शिस्त लावायची, हे काम चार महिन्यांत कुणालाच जमलं नसतं. पुढचे निकाल सगळ्यांना माहीत आहेत. २०२२ ला पाचवा क्रमांक. २०२३ ला ८४ गुण आणि २४८ दिवस तक्त्यात वर राहूनही दुसरा. २०२४ ला ८९ गुण, सिटीचे ९१. २०२५ ला परत दुसरा. लगेच तक्रारीचा सूरही बदलला. २०२० ला लोक म्हणत होते याला कोचिंग येत नाही, २०२५ ला म्हणायला लागले याला जिंकता येत नाही. दुसरी तक्रार करायला मिळणं ही चैन आहे, पण ती खोटी आहे असं नाही. तीनदा दुसरं येणं दुखतंच.

चाहत्यांचं मत कसं फिरतं हे बघायचं तर ग्रानिट झाकाकडे बघावं. ऑक्टोबर २०१९ मध्ये, आर्टेटा यायच्या आधी, कर्णधार असलेल्या झाकाला घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो करत मैदानाबाहेर काढलं. त्याने अंगातला शर्ट काढून फेकला आणि कर्णधारपद गमावलं. तो क्लब सोडून जायलाच निघाला होता, आर्टेटाने थांबवलं. डिसेंबर २०२० च्या त्या वाईट दिवसांत बर्नलीच्या खेळाडूचा गळा धरून रेड कार्ड घेणारा झाकाच, आणि दोन आठवड्यांनी चेल्सीविरुद्ध फ्री किकवर गोल मारणाराही झाकाच. २८ मे २०२३ ला वुल्व्ह्जविरुद्ध तो आर्सेनलसाठी शेवटचा खेळला. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल केले. तो बाहेर आला तेव्हा तेच स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.