दळण किती दळायचं?

आमच्या बडोद्याच्या घरात घरघंटी सुरू झाली की बाकी काही ऐकू येत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या त्या घरघरीत मी मोबाइलवर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ खेळत बसले होते. आजीने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, सकाळपासून त्याच मैदानात त्याच राक्षसांना मारते आहेस. तेच दळण किती वेळ?"

आजीला कल्पना नव्हती, पण शब्द तिने नेमका वापरला होता. रोल-प्लेइंग गेम खेळणारे याला ‘ग्राइंड’च म्हणतात. छोटे राक्षस मारायचे, अनुभवाचे गुण मिळवायचे, लेव्हल वाढवायची आणि पुन्हा तेच. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ साली जपानमध्ये आला. त्या मूळ खेळात स्लाइम नावाचा सगळ्यात दुबळा राक्षस मारला की एकच गुण मिळतो. सगळ्यात वरची लेव्हल ३०. म्हणजे दळायला धान्य भरपूर!

हा खेळ मला दादाने, माझ्या चुलतभावाने, शिकवला. जूनमध्ये तो नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होता. शेवटच्या ड्रॅगनलॉर्डशी होणारी लढाई दोघांनी मिळून बघायची, असं आमचं ठरलं होतं. विसाव्या लेव्हलच्या पुढे गेल्यावर तो म्हणाला, "चल, आता जाऊन बघ." मी म्हटलं, "थांब रे, अजून दोन लेव्हल." दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा. मी हरायला घाबरत होते आणि त्यालाच तयारी म्हणत होते. दादाची गाडी सुटली तेव्हाही मी मैदानातच होते.

तिसावी लेव्हल गाठून मी ड्रॅगनलॉर्डसमोर उभी राहिले. लढाई कधी सुरू झाली आणि कधी संपली, कळलंही नाही. छातीत धडधड नाही की हातापायाला घाम नाही. दादाला फोन केला. तो म्हणाला, "मी पहिल्यांदा जिंकलो तेव्हा दोन वेळा हरून गेलो होतो. अजून आठवतं." माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

खरं तर या खेळात हरल्यावर जवळचं निम्मं सोनं जातं, अनुभव मात्र तसाच राहतो. राजा आपल्याला पुन्हा उभं करतो. म्हणजे जाऊन बघण्याची किंमत फार नव्हती.

खेळ बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेला दिसतो. १९९४ च्या ‘मदर २’मध्ये, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या ‘अर्थबाउंड’मध्ये, आपण पुरेसे बलवान झालो की दुबळे शत्रू आपल्याला बघून पळ काढतात. आता पुढे जा, असं खेळच सांगतो. १९९९ च्या ‘फायनल फँटसी ८’मध्ये आपली लेव्हल वाढली की बहुतेक शत्रूंचीही वाढते, तिथे नुसतं दळून फारसं हाती लागत नाही.

आता मी एक नियम केला आहे. आधी एकदा लढून बघायचं. हरले तर का हरले ते पाहायचं: शस्त्र कमी पडलं, मंत्र कमी पडला की डोकंच चालवलं नाही? जे कमी पडलं, तेवढ्यापुरतंच दळायचं. मग पुन्हा जायचं.

हे सगळं आजीला सांगितलं तर ती हसली. "बाजरीचं पीठ मी चार दिवसांपुरतंच काढते," ती म्हणाली. "जास्त दळून ठेवलं तर कडू होतं. मग भाकरी कोण खाणार?"

दिवाळीत दादा घरी येणार आहे. या वेळी नवा खेळ सुरू केलाय, आणि शेवटची लढाई त्याच्यासाठी ठेवली आहे. हरले तर हरले. तो शेजारी बसलेला असेल.