रुग्णाच्या जीवनाची गुणवत्ता : मापनाचे तत्त्व व व्यवहार

कर्करोगावरील उपचाराचे फल ठरविण्याची दोन साधने वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ परिचित आहेत. उपचाराने अर्बुद किती आटले हे एक, आणि रुग्ण त्यानंतर किती काळ जगला हे दुसरे. या दोन्ही गोष्टी रुग्णाला काहीही न विचारता मोजता येतात. हीच त्यांची सोय, आणि हीच त्यांची उणीव होय. अर्बुद आटले, आयुष्य चार महिन्यांनी लांबले, परंतु ते चार महिने उलट्या व असह्य थकवा सोसण्यात गेले, तर त्या उपचाराला यशस्वी म्हणावे काय? संधिवात, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दीर्घकालीन विकार यांत तर पूर्ण बरे होण्याचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. त्या आजारासह रुग्णाला नीट जगता यावे, एवढेच तेथे उपचाराचे प्रयोजन असते. ते साधले की नाही हे ठरवावयाचे तर रुग्णाच्या जीवनाची गुणवत्ता मोजली पाहिजे. हे मापन कोणी करावयाचे, कसे करावयाचे, आणि हाती आलेल्या अंकाचा अर्थ कसा लावावयाचा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापन कोणी करावयाचे?

या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल अमेरिकेत पडले. डेव्हिड कार्नोफ्स्की व त्यांचे सहकारी फुप्फुसाच्या कर्करोगावर नायट्रोजन मस्टर्ड या औषधाचे प्रयोग करीत होते. औषधाने आयुष्य फारसे वाढले नाही तरी रुग्णाला काही आराम पडतो की काय, हे नोंदविण्यासाठी त्यांनी १९४८ साली एक मापनश्रेणी योजली. तीत १०० म्हणजे कोणतीही तक्रार नसलेली निरोगी अवस्था आणि ० म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्या दहा-दहा अंकांच्या. स्वतःचे सर्व काही करू शकणाऱ्या, परंतु नेहमीचा कामधंदा न जमणाऱ्या रुग्णाला ७० अंक मिळतात, तर बरीच मदत आणि वारंवार वैद्यकीय सेवा लागणाऱ्याला ५०. ही श्रेणी आजही वापरली जाते. मात्र ती भरतो तो वैद्य, आणि तिने मोजले जाते ते रुग्णाचे परावलंबित्व. त्याच्या वेदना, भीती, घरातील त्याचे स्थान यांपैकी काहीच तीत उमटत नाही.

वैद्याचा अंदाज रुग्णाच्या अनुभवाच्या जवळपास असेलच, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती त्या काळी होती. १९८८ साली ब्रिटनमध्ये स्लेव्हिन व सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाचे मूल्यमापन वैद्याकडून व स्वतः रुग्णाकडून करवून घेतले, तेव्हा दोहोंत मेळ फारसा आढळला नाही; इतकेच नव्हे, तर दोन वैद्यांचे अंदाजही एकमेकांशी पुरेसे जुळले नाहीत. याहून उद्बोधक उदाहरण १९८२ सालचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हातापायांच्या मृदू ऊतकांतील सार्कोमा या कर्करोगासाठी दोन उपचारांची तुलना चालू होती. एकात अवयव कापून टाकीत. दुसऱ्यात शस्त्रक्रियेला तीव्र किरणोपचाराची जोड देऊन तो वाचवीत. अवयव वाचलेल्या रुग्णांचे जीवन साहजिकच अधिक समाधानाचे असेल, अशी अपेक्षा होती. शुगरबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना विचारून पाहिले तेव्हा दोन गटांत एकंदरीने लक्षणीय फरक दिसला नाही, आणि हालचाल व लैंगिक जीवन या बाबतींत तर अवयव वाचलेल्यांचीच स्थिती उणी आढळली. पुढे किरणोपचाराच्या योजनेत सुधारणा करण्यात आली व व्यायामोपचारावर भर देण्यात आला. अवयव वाचविण्याचे तत्त्व चूक ठरले नाही. त्याची किंमत कोठे मोजावी लागते, हे मात्र रुग्णांना विचारल्यावाचून कळले नसते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. अर्बुदाच्या बाबतीत वैद्याची साक्ष ग्राह्य. जगण्याच्या बाबतीत रुग्णाची. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनाच्या गुणवत्तेची जी व्याख्या स्वीकारली आहे तिचाही रोख हाच आहे. मनुष्य ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत जगतो तिच्या संदर्भात, आणि स्वतःची उद्दिष्टे, अपेक्षा व चिंता लक्षात घेऊन, त्याला स्वतःच्या स्थितीविषयी जे वाटते ती जीवनाची गुणवत्ता. अर्थशास्त्रातील 'जीवनमान' या कल्पनेहून ही कल्पना भिन्न आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

मापन कसे करावयाचे?

१९७६ साली प्रीस्टमन व बॉम यांनी स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या स्त्रियांना दहा सेंटिमीटर लांबीच्या रेषांवर खूण करून आपली अवस्था दर्शविण्यास सांगितले. त्यानंतरच्या काळात रीतसर प्रश्नावल्या तयार झाल्या. त्यांपैकी कर्करोगासाठी युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची ३० प्रश्नांची प्रश्नावली फार प्रचारात आहे. ॲरन्सन व सहकाऱ्यांनी ती १९९३ साली प्रसिद्ध केली. तीत शारीरिक, कामकाजविषयक, भावनिक, बौद्धिक व सामाजिक अशा पाच कार्यश्रेणी आहेत. थकवा, वेदना आणि मळमळ-उलटी यांच्या तीन लक्षणश्रेणी आहेत. दम लागणे, निद्रानाश, भूक मंदावणे, बद्धकोष्ठ, अतिसार व आर्थिक अडचण यांविषयी एकेक सुटा प्रश्न आहे. आणि अखेरीस एकंदर प्रकृती व जीवन यांविषयी दोन प्रश्न आहेत. दीर्घकालीन आजारांसाठी ३६ प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली, तसेच श्वसनविकार, हृदयविकार इत्यादींसाठी स्वतंत्र प्रश्नावल्या उपलब्ध आहेत.

अंक कसा निघतो हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू जाता, शारीरिक श्रेणीचे पाच प्रश्न घ्यावेत. प्रत्येकाचे उत्तर १ (मुळीच नाही) ते ४ (फार) यांमध्ये असते. एका रुग्णाची उत्तरे २, ३, १, १, १ अशी आली, तर सरासरी १.६ होते. तीतून १ वजा करून बाकीला ३ ने भागावे, येणारा भागाकार १ मधून वजा करावा आणि १०० ने गुणावे. उत्तर ८० येते. दोन महिन्यांनी त्याच रुग्णाची उत्तरे ३, ४, २, २, १ अशी आली, तर सरासरी २.४ आणि अंक सुमारे ५३ होतो. कार्यश्रेणीत मोठा अंक चांगला. लक्षणश्रेणीत मात्र मोठा अंक म्हणजे अधिक त्रास. नवख्या अभ्यासकाची चूक बहुधा येथेच होते.

प्रश्नावली वापरण्यायोग्य ठरण्यासाठी तिच्या अंगी तीन गुण असावे लागतात. स्थिती तीच असता उत्तर तेच यावे, ही विश्वसनीयता. जे मोजावयाचे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. आणि स्थिती पालटली की अंकही पालटावा, ही संवेदनक्षमता. परभाषेतील प्रश्नावलीच्या बाबतीत हे तिन्ही गुण अनुवादाबरोबर आपोआप येत नाहीत. म्हणून दोघांनी स्वतंत्र अनुवाद करावयाचे, त्यांचा मेळ घालावयाचा, तो मसुदा पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहावयाचा आणि मग थोड्या रुग्णांवर त्याची परीक्षा घ्यावयाची, अशी पद्धत रूढ आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वरील प्रश्नावलीच्या हिंदी व मराठी अनुवादांची रुग्णांवर तपासणी झालेली आहे. अडचण केवळ शब्दांची नसते. जड पिशवी किंवा प्रवासाची पेटी उचलताना त्रास होतो काय, हा प्रश्न जिने आयुष्यभर पाण्याचे हंडे वाहिले तिला वेगळ्या शब्दांत समजावा लागतो. 'ताण', 'उदासी' आणि 'काळजी' यांच्या सीमा मराठी बोलणाऱ्याच्या मनात इंग्रजीप्रमाणेच आखलेल्या असतील, असे नाही. शिवाय निरक्षर रुग्णाला प्रश्न वाचून दाखविणारा पुष्कळदा घरचाच माणूस असतो. आजारामुळे कुटुंबाची ओढाताण झाली काय, असे मुलाने विचारल्यावर आई काय उत्तर देणार? अशा वेळी प्रश्न त्रयस्थाने, एकांतात विचारणे हा शिष्टाचाराचा भाग नसून मापनाचाच भाग होय.

अंकाचा अर्थ कसा लावावयाचा?

मोठ्या गटात दोन अंकांचा फरकही संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय ठरू शकतो. रुग्णाला तो जाणवेलच असे नाही. ओसोबा व सहकाऱ्यांनी १९९८ साली रुग्णांनाच आपल्यात किती पालट झाला हे विचारून त्याची अंकांशी तुलना केली. ५ ते १० अंकांचा फरक अल्प, १० ते २० मध्यम आणि २० हून अधिक मोठा, असे त्यांना आढळले. वरील उदाहरणातील ८० वरून ५३ पर्यंतची घसरण या हिशेबाने मोठी म्हटली पाहिजे.

दुसरी अडचण रुग्णाच्या जुळवून घेण्याच्या शक्तीतून उद्भवते. मूत्रपिंड निकामी झालेल्या ८५९ रुग्णांचा अभ्यास एव्हान्स व सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. त्यात डायलिसिसवरील रुग्णांची कार्यक्षमता बरीच घटलेली दिसली, तरी स्वतःच्या जीवनाविषयीचे त्यांचे मत मात्र त्या मानाने अनुकूल होते. दीर्घ आजारात मनुष्य आपला मानदंडच बदलतो. आरंभी ज्या दुखण्याला तो 'फार' म्हणत असे, त्यालाच वर्षभराने 'थोडे' म्हणू लागतो. स्प्रॅंगर्स व श्वार्ट्झ यांनी १९९९ साली या घटनेची सैद्धान्तिक मांडणी केली. अशा रुग्णाचे उत्तर खोटे मानणे अन्यायाचे होईल; परंतु त्यावरून त्याला मदतीची गरज उरली नाही असे मानणे हा त्याहून मोठा अन्याय होय.

तिसरी अडचण सर्वांत घातक, कारण ती दिसत नाही. दहा रुग्णांचा एक गट कल्पावा. पाच जणांचा अंक ७० आणि पाच जणांचा ४०, सरासरी ५५. तीन महिन्यांनी प्रत्येकाची स्थिती ५ अंकांनी खालावली. परंतु दुसऱ्या पाचांपैकी चौघांना प्रश्नावली भरण्याचे त्राणच राहिले नाही. उरलेल्या सहा जणांचे अंक ६५, ६५, ६५, ६५, ६५ आणि ३५, सरासरी ६०. प्रत्येक रुग्ण खालावला आणि कोष्टकात मात्र गट सुधारला! उत्तर न आलेल्या प्रश्नावल्यांची संख्या व कारणे ज्या अहवालात दिलेली नाहीत, त्यातील सरासरीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. जे सर्वाधिक आजारी, त्यांचेच मौन उपचाराच्या बाजूने मत म्हणून मोजले जाते.

या अडचणींमुळे मापन व्यर्थ ठरते असे मात्र नाही. अमेरिकेत ईथन बाश व सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेल्या कर्करोगावर रसायनोपचार घेणाऱ्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची देखभाल नेहमीप्रमाणे झाली; दुसऱ्यातील रुग्ण आपली लक्षणे संगणकावरून नियमाने कळवीत आणि एखादे लक्षण बळावल्यास परिचारिकेला त्वरित सूचना जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या देखभालीच्या गटात मध्यगा आयुर्मर्यादा २६ महिने, तर लक्षणे कळविणाऱ्या गटात ३१.२ महिने आढळली. येथे प्रश्नाला उत्तर मिळाले आणि उत्तराला कृतीची जोड मिळाली, हे विशेष.

या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने यावरून काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. प्रश्नावली निवडण्यापूर्वी तिची मराठीत तपासणी झाली आहे काय हे पाहावे. ती कोणी, कोठे व कोणासमक्ष भरून घेतली याची नोंद ठेवावी. प्रत्येक श्रेणीचा अंक स्वतंत्रपणे द्यावा. आणि ज्यांची उत्तरे आली नाहीत त्यांचा हिशेब, आलेल्या उत्तरांइतक्याच काळजीने मांडावा. आणि ज्या रुग्णाने थकल्या हाताने तीस प्रश्नांची उत्तरे दिली, त्याची प्रश्नावली प्रबंधात जाण्यापूर्वी त्याच दिवशी त्याच्या वैद्यापर्यंत पोहोचेल, अशी व्यवस्था अभ्यासाच्या आराखड्यातच केलेली असावी.