जुन्या ट्रॅक्टरचा गव्हर्नर : दोष कसा ओळखावा

मळणीयंत्रांत पेंढी घातली कीं इंजिनावर भार पडतो, पेंढी संपली कीं भार उतरतो. तरीहि हातदांडीनें ठरविलेला वेग कायम राखणें हें गव्हर्नराचें काम. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं वाफेच्या यंत्रास फिरते गोळे लावून हेंच साधलें. वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकून वाफ कमी करीत. ट्रॅक्टरांत लहान वजनें फांकून डिझेल कमी करितात. मोटारींतील क्रूझ कंट्रोल याच कुळांतलें.

वेग बिघडला कीं पुष्कळ जण गव्हर्नराची स्प्रिंग आवळतात किंवा मोहोरबंद स्क्रू फिरवितात. आमच्या मतें हें सर्वांत शेवटचें काम होय, कारण दोष पुष्कळदां गव्हर्नराबाहेरच असतो. याकरितां तपासणी क्रमानें करावी.

वेग आपोआप चढत-उतरत असल्यास प्रथम डिझेलच्या नळ्यांचे सांधे पाहावे व आंत शिरलेली हवा काढावी. मग इंजिन बंद ठेवून हातदांडीपासून पंपापर्यंतचे सांधे हातानें हलवावे. ते कोठें अडकत किंवा झिजून ढिले झाले असल्यास दोष तेथेंच आहे.

भार पडतांच वेग उतरून परत येत नसेल तर धूर पाहावा. काळा धूर निघाल्यास डिझेल पोंचत आहे, पण हवा कमी आहे किंवा भार जास्त आहे. धूर निघत नसेल तर डिझेल कमी पडत आहे, फिल्टर पाहावा.

वेग हाताबाहेर चढणें हा दोष सर्वांत घातक. फोर्डसन डेक्स्टासारख्या कांहीं जुन्या ट्रॅक्टरांत वजनांऐवजीं इंजिनाच्या हवेच्या ओढीनें एक पडदा डिझेल आटोक्यांत ठेवतो. ती हवेची नळी चिरली किंवा पडदा फाटला कीं स्प्रिंग डिझेल पूर्ण खुलें करिते. परीक्षा सोपी आहे : इंजिन बंद असतां बंद करण्याची दांडी ओढून धरावी, पडद्याकडील नळीचें तोंड बोटानें दाबावें व दांडी सोडावी. ती थोडी सरकून थांबली तर पडदा शाबूत. सरळ मागें गेली तर तो गळका.

हवा गाळणाऱ्या भांड्यांतील तेल खुणेच्या वर भरूं नये. तें इंजिनांत ओढलें गेल्यास डिझेल बंद करूनहि इंजिन धांवत राहतें. अशा वेळीं हवेच्या तोंडावर जाड फळी दाबावी. हात कदापि लावूं नये.

मळणीयंत्राचा दांडा मिनिटास ५४० फेऱ्यांसाठीं योजलेला असतो. त्याहून फार वेगानें फिरल्यास यंत्राजवळील माणसाचा जीव धोक्यांत येतो. म्हणून वरील तपासणीनंतरहि दोष न निघाल्यास पंप काढून चाचणीयंत्र असलेल्या कारागिराकडेच न्यावा, आणि तोंवर ट्रॅक्टर मळणीस जुंपूं नये, अशी आमची शेतकरीबंधूंस आग्रहाची विनंति आहे.