गिटार ॲम्प्लिफायरचा पॉवर ॲटेन्युएटर

पॉवर ॲटेन्युएटर (शक्तिक्षीणक) हे व्हॅक्यूम ट्यूबचा गिटार ॲम्प्लिफायर आणि ध्वनिक्षेपक यांच्यामध्ये जोडले जाणारे उपकरण आहे. ट्यूब ॲम्प्लिफायरचा खरखरीत, विरूपित स्वर बहुधा तो पूर्ण क्षमतेजवळ चालवल्यावरच मिळतो. तेव्हाचा आवाज मात्र घरात सोसवत नाही. ॲटेन्युएटर बरीचशी शक्ती उष्णतेत बदलतो व उरलेलीच ध्वनिक्षेपकाकडे जाऊ देतो. 'बॉस्टन' या अमेरिकन रॉक समूहाचे गिटारवादक व अभियंते टॉम शोल्झ यांचे 'पॉवर सोक' हे या प्रकारचे एक प्रसिद्ध उपकरण होय.

घरगुती रचना

सर्वांत सोप्या 'एल-पॅड' रचनेत दोनच रोधक लागतात. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकासाठी ४ ओहमचा रोधक एकसरीत, तर ८ ओहमचा ध्वनिक्षेपकाला समांतर जोडतात. समांतर जोडीचा रोध ४ ओहम होतो. त्यात एकसरीतले ४ ओहम मिळवले की ॲम्प्लिफायरवर पूर्वीइतकाच ८ ओहमचा भार राहतो. ५० वॅटपैकी २५ वॅट पहिल्या रोधकात व १२.५ वॅट दुसऱ्यात खर्ची पडतात, ध्वनिक्षेपकाला १२.५ वॅट, म्हणजे ६ डेसिबेल कमी, मिळतात. कानाला ही घट फारशी मोठी वाटत नाही. आवाज साधारण निम्मा भासण्यासाठी शक्ती एक-दशांशावर आणावी लागते. त्यासाठी रोध अनुक्रमे सुमारे ५.५ व ३.७ ओहम घेतात.

विरूपित स्वर वाजवताना ॲम्प्लिफायर नोंदलेल्या क्षमतेपेक्षा अधिक शक्ती देतो. म्हणून ५० वॅटसाठी १०० वॅटचे, ॲल्युमिनियमच्या कवचातील तारवेढे रोधक वापरणे इष्ट. त्यांची क्षमता हीट सिंकवर घट्ट बसवल्यावरच खरी ठरते. पेटी धातूची व हवेशीर असावी.

धोके

ट्यूब ॲम्प्लिफायर भाराविना वाजवल्यास त्याच्या निर्गम रोहित्रात अतिउच्च विद्युतदाब निर्माण होऊन वेष्टनाचे विद्युतरोधन फुटू शकते. एकसरीतल्या रोधकाचा एक कच्चा डागही त्यासाठी पुरेसा असतो. त्यामुळे जोडणीपूर्वी मल्टिमीटरने तपासणी करतात: ध्वनिक्षेपक काढलेला असताना पहिल्या रचनेत १२ ओहम दिसले पाहिजेत. ॲम्प्लिफायर चालू असताना जोडण्या बदलू नयेत. गिटारची बारीक कवचयुक्त केबलही येथे चालत नाही, ध्वनिक्षेपकाचीच जाड केबल लागते.

स्वरातील फरक

खऱ्या ध्वनिक्षेपकाचा संरोध वारंवारतेनुसार बदलतो, रोधकाचा जवळजवळ स्थिर राहतो. म्हणून घट वाढवावी तसा स्वर सपाट व बोथट होत जातो. मात्र सर्व दोष उपकरणाचा नसतो. हळू आवाजात मानवी कानालाच खर्ज कमी ऐकू येतो.